देवाचा मेंढा बसला ती जागा

अक्का गेली तेव्हा मी वर्गात होतो. शेजारचे गृहस्थ दारात आले आणि म्हणाले, "घरी चला." मी फळा पुसला आणि निघालो. घरी पोहोचलो तेव्हा तिला खाली घेतलं होतं. तो पौषातला मंगळवार होता.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. चौदाव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी परत आली, त्याच साली आई वारली, आणि पाच वर्षांचा मी तिच्या पदरात पडलो. पुढे कोणत्या शाळेत जायचं, नोकरी कुठली धरायची, खानापुरात घर कोणत्या आळीत घ्यायचं, हे सगळं तिनं ठरवलं आणि मी केलं. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. वाचायला वेळ मिळत असे. शास्त्राप्रमाणे सासरी दिलेल्या बहिणीचं सुतक भावाला तीन दिवस. चौथ्या दिवशी मी शाळेत गेलो.

तिचा एक नवस राहिला होता. मी सात वर्षांचा असताना विषमज्वरानं अंथरुणाला खिळलो, तेव्हा तिनं उळवीच्या देवाला पाच शेर तांदळाचं अन्न कबूल केलं होतं. मी उठलो, पण उळवी राहिली. वाट जंगलाची, सोबत नाही, यंदा नको पुढच्या साली, असं होत होत सगळी वर्षं गेली. माघी पौर्णिमेची जत्रा जवळ आली तसे मी हेडमास्तरांकडून दहा दिवस मागून घेतले, तिच्याच डब्यातले पाच शेर तांदूळ मोजून बांधले आणि गाडीत बसलो. माझ्या आयुष्यात मी स्वतः ठरवून केलेला हा पहिला प्रवास. तोही खरं म्हणजे तिनंच ठरवलेला.

कॅसलरॉक

लोंढ्यानंतर झाडं इतकी जवळ येतात की डब्यात हिरवा अंधार होतो. कॅसलरॉकचं स्टेशन त्या अंधारात एकदम उघडतं. पलीकडे गोव्याची हद्द, म्हणून तिकडून येणाऱ्यांची गाठोडी सोडून तपासतात. मी खानापूरहून आलेला, माझ्या तांदळाकडे कुणी पाहिलं नाही.

इथं मला बुधा भेटला. पन्नाशीचा, काटक, कमरेला मागे आकडीत कोयता अडकवलेला. नंदिगड्ड्याचा शेतकरी. आपल्या शेतातल्या मुडल्या, म्हणजे अळकुडीसारखे पण हातभर लांब कंद, तो रेल्वेच्या माणसांना विकायला आला होता आणि रिकामी टोपली घेऊन परत निघाला होता. उळवी त्याच्या गावापासून एका दिवसाची वाट. मी सोबत येऊ का म्हणून विचारलं.

त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. "चालणार?"

"चालेन."

"मग चला. न्हाई चाललात तर टोपली रिकामीच हाय."

दोन दिवसांच्या त्या वाटेबद्दल फार लिहीत नाही. साग, मत्ती, बांबूची बेटं, आणि मधूनच एखादा ओढा, ज्याचं पाणी दुपारीही दातांना लागतं. पहिल्याच दिवशी माझ्या वहाणेचा अंगठा तुटला. बुधानं केवणीच्या झाडाची साल ओढून काढली, पिळली, आणि मी झाडाचं नाव वहीत लिहीपर्यंत वहाण सांधून दिली. खानापुरात येऊन ती मी चांभाराला दाखवली. तो म्हणाला, याला हात लावायची गरज नाही.

डोक्यावरून धनेश पक्षी उडाला की त्याच्या पंखांचा आवाज आधी येतो, जोरात ओढलेल्या करवतीसारखा. बुधा प्रत्येक वेळी थांबून वर पाही. आयुष्यभर त्या रानात राहिलेला माणूस. मी विचारलं, रोज बघता तरी थांबता?

"रोज जेवतो तरी जेवतोच की," तो म्हणाला.

नंदिगड्डे

बुधाचं घर कारवीच्या कुडाचं, शेणानं सारवलेलं, इतकं स्वच्छ की मला माझ्या घराची लाज वाटली. आता इथं एक गोष्ट कबूल करतो. आमच्यात दुसऱ्याच्या हातचं शिजलेलं चालत नाही, आणि ते बुधाच्या बायकोला माझ्याआधी ठाऊक होतं. तिनं अंगणात तीन दगड मांडून दिले, नवं मडकं दिलं आणि लांब जाऊन बसली. मी आयुष्यात प्रथमच भात शिजवायला घेतला. अक्कानं मला चुलीपाशी कधी येऊ दिलं नव्हतं. भात खालून करपला आणि वरून कच्चा राहिला. बुधाची बायको लांबूनच बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"बाबा, आगीत भाजलेलं चालतं का तुमाला? त्येला पाणी लागत न्हाई."

निखाऱ्यात भाजलेली मुडली तिनं सोलून पानावर ठेवली, वर मीठ आणि ठेचलेली मिरची. आतून लोण्यासारखी मऊ, धुराचा वास लागलेली. मी तीन खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी तिच्या हातची पेजही प्यायलो. ते इथं लिहून ठेवतो, म्हणजे कुणाकडून कळायला नको.

संध्याकाळी गावाबाहेरच्या कापलेल्या भातखाचरांकडे फिरायला गेलो आणि थबकलो. रानाच्या कडेला मेंढरं. काळी, घाटावरची मेंढरं. खानापूरच्या पूर्वेला हे रोजचं दृश्य, पण इथं, जिथं पावसाळ्यात महिना महिना सूर्य दिसत नाही, तिथं मेंढरू म्हणजे पाण्यातलं मांजर. पाचसहा विसा, म्हणजे शंभरेक असतील. एक घोडं, एक कुत्रं, खोपट, आणि खोपटासमोर घोंगडं पांघरून बसलेला एक माणूस.

तो बिराप्पा. गोकाकच्या माळाकडचा धनगर. त्याची बायको गंगव्वा चूल फुंकत होती. मी कोण, कुठला, हे बुधानं सांगितलं तेव्हा तिनं नवऱ्याकडे न बघता विचारलं, "मास्तर हाय न्हवं? मग ह्येंच्या डोक्यात काय घालता येतं का बगा. मी वरीसभर घालतीया, ऱ्हात न्हाई."

बिराप्पा हसला. रागावल्याचं काही चिन्ह नव्हतं. त्यानं समोर बोट दाखवलं.

वीस पावलांवर एका उघड्या, केस गेलेल्या माथ्यासारख्या जागेवर एक मेंढा बसला होता. एवढा मेंढा मी पाहिला नव्हता. जन्मात एकदाही न कातरलेली लोकर जमिनीपर्यंत आलेली, कपाळावर भंडारा, डोळे मिटलेले, तोंड हलतंय.

"देवाचा," बिराप्पा म्हणाला. "बिरोबाला सोडलेला. त्येला काठी लावायची न्हाई, दोर बांधायचा न्हाई, कातरायचं न्हाई. त्यो उठला की आमी उठायचं. त्यो तीन दिस एका जागी बसला की आमी खोपाट घालायचं. माझ्या बाचा असाच व्हता, आज्याचाबी असाच व्हता. गवात कुठं, पाणी कुठं, ह्ये आमी कधी इचारलं न्हाई कुणाला."

"आणि हा कधीपासून बसलाय?"

उत्तर गंगव्वानं दिलं. "गेल्या संक्रांतीच्या आदल्या संक्रांतीपासनं. उठतो, दोन घास खातो, पाणी पितो, फिरून हितंच. देवाचा मेंढा उठंना आणि देवाचा माणूस उठंना. दोघांस्नी वैरण मीच घालतीया."

हळूहळू सगळं कळलं. दोन सालांमागे माळावर दुष्काळ पडला, मेंढा पश्चिमेला चालत सुटला, आणि हे त्याच्यामागून या रानात आले. इथं तो बसला. गावकऱ्यांना आनंद झाला, कारण मेंढरं रात्री ज्या खाचरात बसतात तिथं पुढल्या साली भात कमरेला लागतो. धान्याला तोटा नव्हता. मग मृग आला. बिराप्पा मेंढा उठण्याची वाट बघत राहिला. मेंढरांचे खूर कुजले, जळवा नाकात गेल्या, खोकला लागला. निम्मा कळप त्या चार महिन्यांत गेला. मेंढा मात्र वाचला. बुधाच्या गोठ्यात आपणहून जाऊन उभा राहायचा आणि उघडीप झाली की पुन्हा त्याच जागी येऊन बसायचा.

आता माघ होता. पुढला मृग चार महिन्यांवर.

"मी सांगितलंया," गंगव्वा म्हणाली. "शिमग्यापतुर वाट बगीन. मग माझ्या माहेरची बारा मेंढरं घिऊन मी चालली माळाला. देवाचा कोप व्हायचा तर हूं दे. हिकडं तरी काय कमी झाला?"

बिराप्पानं मेंढ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "रोज हितं बसून तेच बगतोय मी. त्यो काय म्हणतोय ते. उठा म्हणंल तर आत्ता उठीन. न म्हणता उठलो, तर मग पुढं कुणाच्या मागनं जायचं?"

मी पुस्तकी माणूस. माझ्याकडे उत्तरं होती, आणि एकही काढावंसं वाटलं नाही. आमच्याकडे लोक निर्णय टाळायला देवाचं नाव घेतात. हा माणूस तसा नव्हता. रोज दुपारी तो त्या प्रश्नासमोर जाऊन बसत होता, उघड्यावर, बायकोच्या टोमण्यांत, मेलेल्या मेंढरांची नावं पाठ असताना. त्यानं ती मला सांगितली. प्रत्येक मेंढराला नाव असतं हे मला माहीत नव्हतं.

उळवीची वाट

दुसऱ्या सकाळी बुधा आणि मी उळवीला निघालो. गावाबाहेर आल्यावर मी त्या उघड्या जागेबद्दल बोललो. सगळीकडे गवत, तिथंच कसं नाही?

"थंय मीठ असायचं ना," बुधा सहज म्हणाला.

रेल्वे येण्याआधी कारवारकडून बैलांवर लादून मीठ घाटावर जायचं. शेकडो बैलांचे तांडे. त्यांचा तळ बरोबर त्या जागी पडे. गोण्या उतरवायच्या, दव पडायचं, मीठ पाझरायचं. बुधानं लहानपणी ते पाहिलं होतं. "अजून आमची गुरं थंय माती चाटतात. गवत यायचं न्हाई थंय, आमच्या नातवंडांच्या वेळंपर्यंत."

मी वाटेत उभा राहिलो. "म्हणजे तो मेंढा मिठासाठी बसतो?"

"मग कशाला बसणार?"

"हे तुम्ही बिराप्पाला सांगितलं नाही?"

बुधानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत थोडी कीव होती. "त्यानं विचारलं न्हाई. आणि मास्तर, माणसाचा देव कसला हाय ते पाहुण्यानं सांगावं, यजमानानं सांगू नये. आमच्या खाचरात त्याची मेंढरं बसतात. आमचा फायदा हाय त्यात. मी सांगितलं तर ते चांगलं न्हवं, न्हाई सांगितलं तरी चांगलं न्हवं. म्हणून मी पावसात गोठा उघडा ठेवतो."

मी पुन्हा चालू लागलो. पाहुणा मीच होतो.

उळवी

दोन डोंगरांच्या मध्ये रान मागे सरतं आणि उळवी दिसते. गाड्याच गाड्या. धारवाडकडचे उंच पांढरे बैल, शिंगांना पितळी टोपणं, पाठीवर झुली, आणि तेवढेच आमच्या बेळगाव भागातले. कानडी आणि मराठी एकाच वाक्यात ऐकू येतं. रथ हलला तेव्हा "हर हर महादेव" चा जो आवाज उठला त्यानं झाडांवरचे पक्षी उठून गेले. आमच्याकडच्या जत्रेत दुकानं आधी आणि देव मागाहून दिसतो. इथं माणसं दोनदोन दिवस गाडीत हाडं मोडून येतात, म्हणून असेल, पण पोहोचल्यावर आधी देवासमोर नुसती उभी राहतात. मागण्याची घाई कुणाला दिसली नाही.

अन्नछत्राच्या कोठीवर एक घामाघूम गृहस्थ तांदूळ घेत होते. मी गाठोडं ठेवलं.

"कुणाच्या नावानं?"

मी अक्काचं नाव सांगितलं.

"नवस कसला?"

"मी बरा व्हावा म्हणून."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "झालात की," ते म्हणाले आणि तांदूळ मोठ्या ढिगात ओतले. क्षणभर मला त्यातला आमचा तांदूळ वेगळा दिसला, मग दिसला नाही.

पंगतीत बसून जेवलो. भात आणि आमटी. शेजारी कोण होता ते विचारलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

जेवण झाल्यावर झाडाखाली पडलो, पण डोळा लागला नाही. बिराप्पाला सांगावं का? सांगितलं तर त्याच्या बापआज्यांपासून चालत आलेलं मी मिठात काढणार. नाही सांगितलं तर शिमग्याला बायको जाणार, मृगानंतर उरलेली मेंढरं. अक्का असती तर तिनं एका वाक्यात सांगितलं असतं आणि मी ते केलं असतं. मी खरंच वाट बघत होतो, की ती काय म्हणाली असती ते ऐकू येईल. काही ऐकू आलं नाही. ऊन कलल्यावर उठलो आणि ठरवलं, सांगायचं. ते योग्य की अयोग्य, हे आजही माहीत नाही.

पुन्हा नंदिगड्डे

बिराप्पा होता तिथंच होता. मी त्याच्याजवळ बसलो, बुधा जरा लांब, पाठ करून. मी मिठाचं सगळं सांगितलं. शाळेत शिकवतो तसं, एकेक पायरी. ऐकताना तो मान हलवत होता.

"व्हय," तो म्हणाला. "खारट हाय माती."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"दुसऱ्याच दिवशी चाटून बगितली की. धनगर हाय मी, मास्तर. मेंढरू कशाला बसतंय ते मला कळंना व्हय?"

चुलीपाशी गंगव्वाचा हात थांबला. हे तिलाही नवं होतं.

"मग वर्षभर..."

"देव काय कागद लिवून सांगतो? माळावर गवतानं सांगायचा, हितं मिठानं सांगितलं. तवा माळावर लेकरागत मेंढरं मरत व्हती, त्येनं हितं आणून बसवलं आन् जगवली. त्ये खोटं न्हवं." तो थांबला. पुढचं त्याला जड जात होतं. "बस म्हणाला. कवा उठ, ते माळावर गवात सरलं की कळायचं. हितं मीठ सरंना. तर मी आपलं धरून बसलो, की बस म्हंजे जलमभर बस. त्ये त्येनं न्हवतं सांगितलं. त्ये म्या माझंच घातलं त्येच्या तोंडात. ह्ये चार दिस बसून बगतोय, तर त्येवढंच दिसतंय."

मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "तुमी कसं ठरवता मास्तर, कुठं जायाचं?"

"अक्का ठरवायची."

"आन् आता?"

"आता ती नाही."

त्यानं विचार केला. "म्हंजे तुमचाबी मेंढा बसला."

"अवो, काय बोलताय," गंगव्वा ओरडली. "मास्तरांची भन गेलीया."

"मग तेच म्हणालो की मी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. पौषापासून अनेकांनी माझं सांत्वन केलं होतं. मनाला लागलं ते हे एकच.

त्या रात्री तो कसा झोपला माहीत नाही. मी बुधाकडे होतो. सकाळी गेलो तेव्हा खोपट उतरवलेलं, घोड्यावर बिऱ्हाड चढलेलं, वर बिरोबाची पेटी. बिराप्पा मेंढ्यासमोर उकिडवा बसून त्याच्या कपाळाला भंडारा लावत होता. मग त्यानं डोकं जमिनीला टेकवलं आणि बराच वेळ तसाच राहिला. उठला तेव्हा कपाळाला ती खारट माती लागलेली होती. ती त्यानं पुसली नाही.

"बुधामामा," तो म्हणाला, "ह्येला तुमच्याकडं ठेवून चाललो. दोर बांधू नका. कातरू नका."

बुधाच्या बायकोनं विचारलं, "वाघरू आलं तर?"

"दार लावा. दोर लावू नका."

मग त्यानं कळपाला साद घातली, जिभेची टाळूवर ती टिचकी, जी ऐकून मेंढरं धावतात. एकही हललं नाही. सगळी मेंढ्याकडे तोंड करून उभी. जन्मापासून ती त्याच्यामागून चाललेली, तो बसलेला, मग कशाला हलतील? बिराप्पानं पुन्हा साद घातली. पुन्हा नाही. त्याचा चेहरा उतरला. मी जवळच होतो, मला दिसलं, की हाच देवाचा नकार असं त्याच्या मनात येऊ घातलं आहे.

गंगव्वानं पदर खोचला. कळपात शिरली, आठवड्याभराचं एक कोकरू उचललं, काखेत मारलं आणि चालू लागली. कोकरू ओरडलं. त्याची आई एक पाऊल पुढे, एक मागे, आणि मग धावली. गंगव्वा न वळता म्हणाली, "मास्तर, त्ये तांबड्या कानाचं घ्या."

मी घेतलं. छातीशी इतकं ऊन आणि इतकं हलणारं काही मी कधी धरलं नव्हतं. बुधानं एक घेतलं, त्याच्या बायकोनं एक. चार कोकरं, मागे चार आया, आणि त्यांच्या मागे, आधी एकेक करून आणि मग एकदम, सगळा कळप.

तेवढ्यात मेंढा उठला.

सगळे थांबलो. बिराप्पा वळला. मेंढ्यानं अंग झाडलं, लोकरीतून धूळ उडाली. आमच्याकडे पाहिलं. मग जागच्या जागी फिरला, आणि रानाकडे तोंड करून पुन्हा बसला.

"बगितलंस?" बिराप्पा हळूच म्हणाला. "निरोप दिला."

"कूस बदलली," गंगव्वा म्हणाली. "चला आता."

गावाबाहेर वाट फुटते. एक उत्तरेला जोयड्याकडून माळाला, एक खाली दक्षिणेला. कळप आपोआप थांबला, कारण पुढे जाणारं कुणी नव्हतं. गंगव्वानं विचारलं, "कुठं?" त्याला असं कधी कुणी विचारलं नसावं. तो दोन्ही वाटांकडे बघत उभा राहिला. बुधा, मी, कोकरं हातात घेऊन थांबलो. त्यानं वाकून माती उचलली, चुरली, टाकली. शेवटी तोंड वर केलं.

"तिकडं आभाळ कोरडं हाय," तो म्हणाला आणि उत्तरेला पाऊल टाकलं.

मी दोन दिवस त्यांच्याबरोबर चाललो, तांबड्या कानाचं कोकरू घेऊन. गंगव्वाच्या हातच्या जाड भाकऱ्या आणि मेंढीचं दूध खाऊन. मग लोंढ्याच्या वाटेला वळलो. बाराव्या दिवशी शाळेत हजर झालो. हेडमास्तरांनी एका दिवसाबद्दल विचारलं. मी म्हणालो, कळप सावकाश चालतो.

याला चार पावसाळे झाले. मेंढा बुधाच्या गोठ्यात आणखी दोन पावसाळे जगला. दोर कुणी लावला नाही. तो गेल्यावर बुधाच्या बायकोनं त्या जागी एक धोंडा ठेवून त्याला हळद लावली, आणि गावची गुरं अजून धोंड्याभोवतीची माती चाटतात. हे बुधानं कॅसलरॉकला मला सांगितलं. वर्षातून एकदा मी तिथवर जातो.

बिराप्पा दिवाळीनंतर खानापूरच्या माळावरून जातो. कळप पुन्हा पूर्वीएवढा झाला आहे. देवाला दुसरा मेंढा त्यानं सोडलेला नाही. वाट फुटली की तो थांबतो, बायकोला विचारतो, मातीला हात लावतो आणि निघतो. कधी वाट चुकते. मग ते मागे फिरतात.